पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचा दम जातो : पेट्रोल नेमकं कुठे अडतंय?

खारावारा
माझी २६ फुटी व्ही-हल बोट आहे. आत एकच इंजिन, ८.२ लिटरचं व्ही-८, ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन), ४१५ अश्वशक्ती. आयडलला काही तक्रार नाही, ३,५०० आरपीएमपर्यंतही छान चालतं. पूर्ण थ्रॉटल दिला की ४,८०० पर्यंत चढतं, काही सेकंद टिकतं आणि मग हळूहळू उतरायला लागतं. ४,५००, ४,२००, कधी ३,९००. थ्रॉटल थोडा मागे घेतला की सावरतं, पुन्हा दाबला की पुन्हा तेच.

वॉटर सेपरेटर फिल्टर नवा घातला, प्लग नवे घातले. धक्क्याला बांधून, न्यूट्रलमध्ये फ्युएल रेलवरचं (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवरचं) प्रेशर बघितलं तर ४३ पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच. तरीही सगळे पंपच बदला म्हणतायत. त्याआधी इथे विचारावं म्हटलं. कुठून सुरुवात करू?

जुनाफिटर
पंपाला अजून हात लावू नका. न्यूट्रलमधलं ४३ पीएसआय एवढंच सांगतं की पंप फिरतोय आणि रेग्युलेटर (प्रेशर ठरलेलं ठेवणारा भाग) शाबूत आहे. लोड नसताना इंजिन पेट्रोल पितंच किती? तुमची तक्रार लोडवरची, तर मापही लोडवरच घ्यायला हवं.

त्याआधी काही प्रश्न. आरपीएम पडतो तेव्हा बोटीचा वेगही सोबत पडतो का? आरपीएम वर जाऊन वेग पडत असेल तर प्रॉपेलरचा हब (मधला भाग) सुटलेला असतो किंवा प्रॉपेलर हवा धरतो, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. पडणं हळूहळू आहे की स्विच बंद केल्यासारखं झटक्यात? झटक्यात तुटत असेल तर आधी इग्निशन बघायचं. विझत विझत जात असेल तर पेट्रोल. आणि स्कॅनर लावून कोड बघितलेत का? तापमान वाढलं किंवा ऑइल प्रेशर घसरलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच पॉवर कापतो आणि माणूस उगाच पेट्रोलच्या मागे लागतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कारण सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटलला "बघू जरा किती वेळ टिकतं" असं करू नका. पेट्रोल कमी पडतं म्हणजे मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पूर्ण लोडवर लीन म्हणजे डेटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं पेटणं). पिस्टनचा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. तपासणीपुरतं दाबायचं, आकडा वाचायचा, सोडायचं.

खारावारा
आरपीएम आणि वेग दोन्ही सोबत पडतात. पडणं हळूहळूच आहे. कोड एकही नाही, बझर नाही, तापमान आणि ऑइल प्रेशर जागेवर.

निर्वात
मग पेट्रोलच. आता थोडं गणित करू, कारण आकडा कळला की कुठे काय मोजायचं ते आपोआप कळतं.

सुपरचार्जर नसलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल घेतं. ४१५ अश्वशक्तीला झाले सुमारे २०७ पाउंड, म्हणजे ९४ किलो. लिटरमध्ये तासाला सव्वाशेच्या वर, मिनिटाला दोन लिटरहून थोडं जास्त. एवढं पेट्रोल टाकीतल्या उभ्या नळीतून, अँटी-सायफन व्हॉल्व्हमधून (टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), होजमधून, फिल्टरमधून पंपाला ओढून घ्यायचं असतं, आणि तेही अखंड. कार पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद असते. बोट मात्र सतत घाट चढत असते. म्हणून कारमध्ये जी अडचण वर्षानुवर्षं लपून राहील ती बोटीत पहिल्याच लांब धावेत उघडी पडते.

आता मुख्य मुद्दा. पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. त्यामुळे प्रेशर गेज एकटा पुरत नाही. दोन गेज लावा: एक फ्युएल रेलवर, प्रेशरचा. दुसरा व्हॅक्यूम गेज, पंपाच्या अलीकडे, फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी (तीन तोंडांची फिटिंग) टाकून. त्याच टीजवळ वीतभर पारदर्शक फ्युएल ट्यूब घाला, तपासणीपुरतीच, म्हणजे बुडबुडे डोळ्यांना दिसतील. दोन्ही गेज एकाच वेळी, पाण्यात, लोडवर वाचायचे. एक माणूस सुकाणूवर, दुसरा फक्त आकडे टिपायला.

प्रेशर पडलं आणि व्हॅक्यूम चढला, तर टाकीकडे कुठेतरी अडथळा आहे. प्रेशर पडलं, व्हॅक्यूम मात्र कमीच राहिला आणि ट्यूब स्वच्छ, तर पंप दमलाय किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाही. प्रेशर नाचतंय, व्हॅक्यूम कमी, ट्यूबमधून बुडबुड्यांची रांग, तर सक्शनमध्ये कुठेतरी हवा शिरतेय. आणि प्रेशर शेवटपर्यंत ठाम राहून आरपीएम पडला, तर इंजेक्टर किंवा इग्निशनकडे वळायचं. टाकी-होज-पंप यांना सोडून द्यायचं.

व्हॅक्यूम किती चालतो ते आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. अशा कित्येक इंजिनांना पूर्ण थ्रॉटलला २ इंच पारा (व्हॅक्यूम मोजण्याचं एकक) ही मर्यादा दिलेली असते.

तांडेल२७
एवढं सगळं करायच्या आधी सोपी परीक्षा घ्या की. आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेर लावायच्या इंजिनाची) सुटी टाकी आणून तिचा होज थेट पंपाला जोडा. तक्रार गेली तर दोष बोटीच्या टाकीकडे, राहिली तर इंजिनाकडे. अर्ध्या तासाचं काम.

निर्वात
परीक्षा चांगली आहे, पण या इंजिनाला ती तशीच लावली तर खोटं उत्तर मिळेल. सुट्या टाकीच्या होजवर रबरी बल्ब असतो, त्यात दोन चेक व्हॉल्व्ह, पुढे क्विक कनेक्टर. मिनिटाला दोन लिटर त्यातून सहज जात नाहीत. मग तक्रार सुट्या टाकीवरही दिसते आणि निरोगी पंप बदलला जातो. बल्ब आणि कनेक्टर काढून, १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या आतल्या बोअरचा अखंड होज, टाकीत रुंद पिकअप (पेट्रोल ओढणारी नळी), असं केलंत तरच तिच्या निकालावर भरवसा ठेवा.

तांडेल२७
बल्बचा मुद्दा पटला. माझा अनुभव सगळा आउटबोर्डचा. तिथे मात्र बल्बच बरंच सांगून जातो. धावताना बल्ब चपटा पडला तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीकडे. बल्ब गोल राहतो पण तो दाबल्यावर इंजिन सावरतं, तर इंजिनावरचा लो-प्रेशर पंप कमी पडतोय किंवा हवा शिरतेय.

रेवती_बंदर
टाकीचा व्हेंट बघितला का? आमच्याकडे अगदी हेच लक्षण होतं, फक्त ते बंदरातून निघाल्यावर बऱ्याच वेळाने सुरू व्हायचं. व्हेंटच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी, ती येत नाही, टाकीतच व्हॅक्यूम तयार होतो. दुसरा प्रकार म्हणजे व्हेंटचा होज मध्येच लोंबतो आणि त्या खळग्यात पेट्रोल साचून राहतं. बाहेरून जाळी एकदम स्वच्छ दिसते! लांब धावेनंतर थांबून भरण्याचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा सुस्कारा ऐकू आला तर व्हेंटच.

जुनाफिटर
रेवतीताईंनी सांगितलंय ते आधी करा, हत्यारच लागत नाही.

फिल्टर नवा घातलात, जुना टाकून दिला नसेल तर त्यातलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत ओता आणि ठेवून द्या. खाली पाण्याचा थर बसतो का? काळे बारीक कण असतील तर होजचं आतलं रबर सुटतंय. पांढरट भुकटी किंवा चिकट गाळ असेल तर ॲल्युमिनियमची टाकी आतून खायला लागलीय. तपकिरी असेल तर गंज.

आणि सुरक्षेचं. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ खाली साचते, ती हवेपेक्षा जड असते. होज सोडायच्या आधी बॅटरी स्विच बंद. फ्युएल रेलचं प्रेशर फडक्याखाली सोडा. जोडून झाल्यावर पंप नुसता चालवून प्रत्येक सांधा हाताने चाचपा आणि नाकाने तपासा. सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) निदान ४ मिनिटं. पारदर्शक ट्यूब संध्याकाळी काढायचीच. ती बोटीत राहू देण्यासारखी वस्तू नाही. अग्निशामक हाताशी.

खारावारा
सगळ्यांचे आभार. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, मित्र आकडे टिपायला होता.

आयडलला व्हॅक्यूम अर्धा इंचही नाही, प्रेशर ४३. ३,५०० ला व्हॅक्यूम २ च्या थोडा वर, प्रेशर ४३. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम आधी ४, मग वाढत वाढत ७. प्रेशर ३१ वर आलं आणि तिथेच आरपीएम पडायला लागला. लगेच सोडलं. झाकण उघडं ठेवून शांत पाण्यात पुन्हा एकदा केलं, आकडे तेच. म्हणजे व्हेंट नाही.

पूर्ण थ्रॉटलला पारदर्शक ट्यूबमध्ये बारीक बुडबुडेही दिसले. आता गोंधळ झालाय. अडथळा म्हणायचा की हवा शिरतेय?

बरणीत पाणी नाही, पण तळाला काळे कण आहेत.

निर्वात
सुरेख नोंदी. बुडबुड्यांनी गोंधळू नका. पेट्रोल कमी दाबाखाली आणि गरम इंजिनरूममध्ये स्वतःच वाफ सोडतं. व्हॅक्यूम ७ इंचांवर गेला की हवेचा एक कणही बाहेरून न शिरता बुडबुडे दिसू शकतात. दोन्हींतला फरक असा: हवा शिरत असेल तर बुडबुडे कमी व्हॅक्यूमलाही, आयडलपासून थोडेफार दिसतात आणि व्हॅक्यूम गेज फारसा चढत नाही, कारण हवेला वाट सोपी असते. तुमच्याकडे ते फक्त व्हॅक्यूम चढल्यावर आले. ती वाफ असावी. अडथळा काढा, बुडबुडे जातात का बघा. नाही गेले तर मग सांधे आणि क्लॅम्प. सक्शनची गळती बाहेर पेट्रोल टाकत नाही, आत हवा घेते, म्हणून ती ओल शोधून सापडत नाही.

एक विचारायचं राहिलं. रेग्युलेटरची रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल परत नेणारी नळी) कुठे जाते, टाकीत की इंजिनावरच फिल्टरकडे परत?

खारावारा
इंजिनावरच, फिल्टरच्या डोक्याशी येऊन मिळते. टाकीकडे एकच होज जातो.

निर्वात
मग तुमचे आकडे तंतोतंत जुळतात. रिटर्न टाकीत जात असती तर पंप आयडललाही पूर्ण प्रवाह ओढत राहिला असता आणि व्हॅक्यूम आरपीएमसोबत एवढा बदललाच नसता. तशा बोटीत अडथळा धक्क्यावरच पकडता येतो. तुमच्याकडे टाकीतून फक्त इंजिनाने जाळलेलं तेवढंच येतं, म्हणून लोड असल्याशिवाय काही दिसत नाही. (हे धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: आकडे वाचण्याआधी आपली रिटर्न कुठे जाते ते बघाच. एकाच आकड्याचे दोन अर्थ निघतात.)

आता अडथळ्याची जागा. व्हॅक्यूम गेज टाकीच्या दिशेने एकेक पायरी सरकवत न्या. फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावला आणि आकडा एकदम खाली आला तर फिल्टर किंवा त्याचं डोकं. तेवढाच राहिला तर होज, व्हॉल्व्ह किंवा पिकअप.

मचवा
माझा संशय अँटी-सायफन व्हॉल्व्हवर. टाकीच्या तोंडाशी बसतो, आत स्प्रिंगवर गोळी. गाळ साचला की गोळी पूर्ण उघडत नाही. कित्येक जण तो काढून साधी फिटिंग लावतात आणि बोट पळायला लागते.

जुनाफिटर
मचवा, संशय रास्त आहे, पण काढून टाकण्याला माझा ठाम विरोध. तो व्हॉल्व्ह कशासाठी आहे ते समजून घ्या. टाकीतली पातळी होजपेक्षा वर असते. होज कुठेही फाटला, सांधा सुटला, की इंजिन बंद असतानाही टाकीतलं पेट्रोल सायफनने बिल्जमध्ये उतरत राहतं. सकाळी बॅटरी स्विच चालू केला की ठिणगी. व्हॉल्व्ह स्वच्छ करा, खराब असेल तर नवा घाला. मोठं इंजिन बसवताना जुनाच लहान बोअरचा व्हॉल्व्ह ठेवला गेला असेल तर जास्त प्रवाहाचा घ्या. जागा रिकामी ठेवू नका.

सोबत ९० अंशाच्या फिटिंग मोजा. पितळी एल्बोंचं आतलं भोक होजपेक्षा बरंच लहान असतं. बोअर थोडा कमी झाला तरी नुकसान फार होतं, तेवढाच प्रवाह ओढायला व्हॅक्यूम कितीतरी पट वाढतो.

मचवा
सायफनचा विचार मी या बाजूने केलाच नव्हता. मान्य.

खारावारा
सापडलं!

गेज फिल्टरच्या अलीकडे लावला, आकडा जवळपास तेवढाच. म्हणजे फिल्टर निर्दोष. अँटी-सायफन व्हॉल्व्ह काढून बघितला, गोळी मोकळी, आत स्वच्छ. पिकअप नळी वर ओढली, तळाला जाळी नाही, नळीला चीर नाही. उरला होज. बाहेरून अगदी धडधाकट, वळणावरही चेपलेला नाही, फुंकर मारली तर आरपार जाते. काढून उभा चिरला. टाकीकडच्या टोकापासून हातभर अंतरावर आतलं अस्तर मूळ रबरापासून सुटून लोंबत होतं, हाताने सोलून निघालं. बरणीतले काळे कण त्याचेच.

नवा होज घातला, एक एल्बो कमी करून सरळ फिटिंग लावली. आता पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम दीड इंच, प्रेशर ४३ वर ठाम, ४,८०० आरपीएम सोडत नाही. बुडबुडे नाहीत. पारदर्शक ट्यूब काढली.

निर्वात
फार छान! फुंकर आरपार जाण्याचं कारणही तेच: सुटलेलं अस्तर कमी प्रवाहात भिंतीला चिकटून राहतं आणि ओढ वाढली की आत कोसळतं. म्हणून हळूहळू पडणारा आरपीएम, आणि थ्रॉटल सोडल्यावर लगेच सावरणं. असा होज उलट्या बाजूने हवा मारून तपासला तर हमखास पास होतो.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी न बनलेल्या जुन्या होजांत हे जास्त दिसतं. इथेनॉल रबराच्या अस्तरात शिरतं, ते फुगतं, बोट बरेच महिने उभी राहिली की सुकून आकसतं, पुन्हा फुगतं. त्यातच इथेनॉल पाणी धरतं. १० टक्के मिश्रण साधारण १५ अंश सेल्सिअसला अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि पिकअप नेमका तळाशी असतो. म्हणून उभ्या बोटीच्या टाकीतलं पेट्रोल बघितल्याशिवाय इंजिनाला पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटल देऊ नये.

नवा होज घेताना त्यावरचा छापील मजकूर वाचा: ए१-१५ किंवा आयएसओ ७८४० (बोटीच्या फ्युएल होजची मानकं) आणि उत्पादनाचं वर्ष. कारचा फ्युएल होज इंजिनरूममध्ये चालत नाही. बोटीच्या या होजला आगीत ठराविक वेळ तग धरावा लागतो.

जुनाफिटर
अभिनंदन. अजून एक काम बाकी आहे. हे इंजिन लीन चाललंय, तेव्हा सगळे प्लग काढून बघा. पोर्सेलीनवर काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. मग कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन (सिलिंडर दाब धरतात का ते बघणाऱ्या) या दोन्ही चाचण्या करून घ्या. शिवाय अस्तराचे तुकडे पुढे गेलेले असणार. फिल्टर पुन्हा बदला, आणि पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर तीही.

खारावारा
प्लग बघितले. सगळे एकसारखे, ठिपके नाहीत. कॉम्प्रेशनही केलं, आठही सिलिंडर जवळजवळ समान. फिल्टर बदलला. पंपाच्या जाळीत दोन काळे तुकडे मिळाले.

सोनकडा
इथेच विचारतो, नवा धागा काढत नाही. माझ्याकडे जुनी दोन इंजिनं, दोन्ही कार्ब्युरेटरची, मेकॅनिकल पंप, एकच टाकी, दोन पिकअप. उजवं इंजिन खारावारांच्या इंजिनासारखंच वर गेल्यावर मरगळतं. शिवाय थांबून थोड्या वेळाने सुरू केलं तर तेच खोकतं. डावं ठणठणीत.

जुनाफिटर
दोन इंजिनांचा मोठा फायदा म्हणजे अदलाबदल. टाकीकडून येणारे होज पंपाजवळ उलटसुलट जोडा, उजव्याचा डाव्याला. तक्रार डाव्या इंजिनाकडे गेली तर दोष टाकी आणि होजमध्ये. उजव्याकडेच राहिली तर पंप किंवा त्यापुढे.

मरीन मेकॅनिकल पंपाला दोन डायफ्राम असतात आणि मधल्या जागेतून एक पारदर्शक बारीक नळी कार्ब्युरेटरकडे जाते. तिच्यात पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, पंप लगेच बदला. कारचा पंप लावू नका. तो फाटला तर पेट्रोल बिल्जमध्ये सांडतं.

प्रेशर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, लोडवर बघा. ५ ते ७ पीएसआयच्या आसपास टिकायला हवं. टिकलं आणि तरीही इंजिन मरगळलं तर कार्ब्युरेटरच्या इनलेट नटच्या मागे बघा, तिथे छोटा फिल्टर असतो. गेज त्याच्या अलीकडे असतो, म्हणून प्रेशर चांगलं दिसतं आणि बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) मात्र रिकामा होत जातो. नंतर नीडल-सीट (बाउलमध्ये पेट्रोल सोडणारा व्हॉल्व्ह) आणि फ्लोटची पातळी.

निर्वात
थांबून सुरू करतानाचा खोकला वेगळा असू शकतो. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, इंजिनरूमचं तापमान काही वेळ उलट वाढत जातं, आणि पंपात-होजमध्ये पेट्रोलची वाफ होते. पण डावं इंजिन त्याच खोलीत असून खोकत नाही, तेव्हा फक्त उष्णतेवर बोट ठेवता येत नाही. उजव्याचा होज एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जातो का? सक्शनमध्ये अडथळा असेल तर त्याच उष्णतेत वाफ लवकर होते. आधी अदलाबदल करा, व्हॅक्यूम वाचा, मग दोन्ही तक्रारी एकच आहेत की दोन ते कळेल.

सोनकडा
होज उलटे जोडले. आता मरगळणारं इंजिन डावं. उजव्या पिकअपचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह उघडला तर गोळीभोवती पांढरट गाळ घट्ट बसलाय. स्वच्छ करायला घेतलाय. टाकी ॲल्युमिनियमची आहे.

जुनाफिटर
मग व्हॉल्व्ह साफ करून थांबू नका. पांढरा गाळ टाकीतून आलाय. टाकीचं वरचं इन्स्पेक्शन झाकण उघडा, तळातलं पेट्रोल बरणीत काढा, पाण्याचा थर मोजा. टाकी रिकामी करून तळाला खड्डे पडलेत का ते टॉर्च लावून बघा, पण टॉर्च स्फोटरोधकच (वाफ पेटू न देणारी) हवी, आणि त्याआधी हवा खेळती ठेवून वाफ जाऊ द्या. फोटो इथे टाका.